एनो पोमाचं मडकं

माझं नाव आंतोबाम. बाप मेल्यावर जन्मलेल्या पोराला आमच्या अकान लोकांत हेच नाव ठेवतात, म्हणजे ज्याला बाप भेटला नाही तो. आपला बाप कसा होता हेसुद्धा ज्याला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागतं, त्याला पुढे जन्मभर 'कशावरून?' असं विचारायची खोड लागते. मला ती जरा जास्तच लागली. गावाच्या मुख्य रस्त्यावर माझं औषधाचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही. परवाना घेऊन तापाच्या, पोटाच्या, जंताच्या गोळ्या विकणारा माणूस. हातात नोट आली की ती उजेडात धरून पाहिल्याशिवाय मी गल्ल्यात टाकत नाही, मग ती पाद्रीबाबांनी दिलेली का असेना.

आणि माझ्या दुकानाच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की एनो पोमाचं अंगण.

एनो म्हणजे आई. वय झालेल्या बाईला सगळे एनोच म्हणतात, मीही म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती तापावरची वैदीण. अंगणाच्या मधोमध न्यामेदुआच्या झाडाचा तीन फांद्यांचा खांब रोवलेला आणि त्या तीन फांद्यांच्या बेचक्यात एक काळं, पोट सुटलेलं मडकं बसवलेलं. त्याच झाडाची साल आणि निबिमाची मुळं ती चुलीवर उकळायची आणि तो पिवळा, जहर कडू काढा आणून मडक्यात ओतायची. मडकं कधी पुरतं रिकामं करायचं नाही, तळाशी जुनं पाणी ठेवून त्यावरच नवं घालायचं, ही तिच्या आजीपासूनची रीत. आजीचं पाणी अजून त्यात आहे, असं ती अभिमानाने सांगायची. 

मी तिला पाण्यात पाहायचो, यात लपवण्यासारखं काही नाही. ताप आलेला माणूस माझ्या पायरीवर यायचा, गोळ्यांची पुडी घ्यायचा आणि माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून तिच्याकडे जायचा. बरा झाला की कोंबडी तिच्या दारात बांधायचा, माझ्या नाही. मागचं शतक संपायला आलं होतं तेव्हाचं सांगतोय. त्या काळी तापावर क्लोरोक्विन हीच एक गोळी होती आणि त्या गोळीची एक वाईट खोड होती. आमच्या लोकांना ती घेतली की अशी खाज सुटायची की माणूस भिंतीला पाठ घासत बसायचा. काहीजण म्हणायचे, ताप परवडला. एनो तर रस्त्यापलीकडून ओरडून विचारायची, "काय रे गोळीवाल्या, आज किती जणांच्या अंगावर मुंग्या सोडल्यास?"

"तुझ्या मडक्यातला गाळ पिण्यापेक्षा मुंग्या बऱ्या, एनो!"

पण भांडायला ती माझ्या दुकानात आली की मी आधी तिला पाणी द्यायचो आणि ती ते एका दमात प्यायची. दारात आलेल्याला आधी पाणी, मग विचारपूस, मग भांडण. पाण्यावर कुणी संशय घेत नाही. मीसुद्धा नाही.

एक दिवस डोंगरावरच्या प्रयोगशाळेतला माणूस तिच्या अंगणात आला. डॉक्टर आफुम, अंगाने काटकुळा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी लगेच झाडू घेतला आणि दुकानापुढचा रस्ता झाडायला लागलो. तिने पाणी दिलं, तो प्यायला. मग तिने रीतीप्रमाणे विचारलं, "इथे सगळं ठीक आहे. वाट चालून तू आलास. काम सांग."

"एनो, तुमचं औषध आम्हाला तपासायचंय. मलेरियाच्या जंतूंवर चालतं का, ते बघायचंय."

"चालतं."

"हो, पण ते आम्हाला बघायचंय."

"मी सांगितलं की, चालतं. आता बघून झालं ना?"

डॉक्टर हसला. म्हणाला, झाडांची नावं सांगू नका, रीत सांगू नका, तुम्ही बनवता तसंच बनवून मडक्यातलं थोडं घेऊन या. तिचे डोळे आणखी बारीक झाले. "आज औषध नेशील, उद्या बाटलीत भरशील आणि परवा तीच बाटली हा समोरचा मला विकेल. झाडू दे रे, झाडू दे, रस्ता आज फार घाण झालाय!"

शेवटचं वाक्य मला होतं. मी झाडत राहिलो.

डॉक्टर उठता उठता म्हणाला, "औषध चांगलं निघालं तर दवाखान्यातली नर्ससुद्धा तुमच्याकडे माणसं पाठवेल." हे मात्र बरोबर लागलं. त्या नर्सने एनोला भर बाजारात 'चिखलपाणीवाली' म्हटलं होतं आणि तेव्हापासून एनो दवाखान्यावरून जातानाही तोंड फिरवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी काढ्याने भरलेलं, वाळक्या भोपळ्याचं झाकण लावलेलं भांडं कडेवर घेऊन ती माझ्या दुकानात उभी.

"चल माझ्याबरोबर."

"मी? कशाला?"

"मित्राला नेलं तर तो माझ्या बाजूने बघेल. तू माझं वाईट चिंततोस. तिथे कुणी काही लपवलं तर तुझ्या नजरेतून सुटणार नाही."

माझ्याबद्दल इतकं खरं कुणी कधी बोललं नव्हतं. मी दुकान बायकोवर, अफ्रियेवर, सोपवलं आणि गाडीत बसलो. वाट खड्ड्यांची. भोपळा दोघांच्या मधे ठेवलेला आणि तो सांडू नये म्हणून वाटभर मीच त्याच्यावर हात ठेवून बसलो होतो. हे लक्षात ठेवा, पुढे हेच माझ्या गळ्याशी आलं.

प्रयोगशाळेत दवाखान्यासारखा वास होता, पण रोगी एकही नाही. मला तेव्हाच डाळीत काहीतरी काळं वाटलं. डॉक्टरने आम्हाला काचेच्या बशा दाखवल्या. त्यांत पातळ लाल रक्त. म्हणाला, या रक्तात आम्ही मलेरियाचे जंतू वाढवतो. मग एका बशीत तुमचं औषध, दुसऱ्या बशीत माहितीची गोळी, तिसरीत नुसतं पाणी. दोन दिवसांनी बघायचं, कोण जगलं, कोण मेलं.

एनो मागे सरकली. "म्हणजे तुम्ही ताप पाळता?"

"पाळतो असंच म्हणा."

"आणि खायला काय घालता?"

"रक्त. दान केलेलं."

"कोंबड्या पाळणारे पाहिले, शेळ्या पाळणारे पाहिले," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताप पाळणारी माणसं आज पाहिली."

डॉक्टरने आम्हाला मायक्रोस्कोपमधून पाहायला लावलं. फिकट गोल चकत्या आणि काही चकत्यांच्या आत छोटी जांभळी अंगठी. ती अंगठी म्हणजे जंतू. मी म्हटलं, हे रंगवलेले दिसतात. तो म्हणाला, रंग आम्हीच घालतो, नाहीतर दिसत नाहीत. मी मनात म्हटलं, वा, म्हणजे रंगवलेलेच. एनो मात्र बराच वेळ डोळा लावून होती. मग तिने विचारलं, नुसत्या पाण्याची बशी कशाला ठेवता, कुणाला फसवायला?

"आपण फसू नये म्हणून. साध्या पाण्यातही जंतू मेले, तर औषधाने मारले असं कसं म्हणायचं?"

हे तिला फार आवडलं. परतताना गाडीत ती तेच घोळवत होती. दोन दिवस थांबायचं. आधी बघितलं तर बशी खोटं सांगते. "माणूस बरा वाटत नाही," ती म्हणाली, "पण थांबायचं कसं ते त्याला कळतं."

बरेच दिवस गेले आणि डॉक्टर आफुम परत आला. ज्या घरी पाणी प्यायला होता त्या घरी न जाता तो सरळ गावप्रमुखांच्या वाड्यावर गेला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळ्यांना बोलावणं गेलं. प्रमुखांशी थेट बोलायचं नसतं. सोनेरी मुठीचा दंड धरलेला त्यांचा बोलका मधे असतो, त्याला सांगायचं आणि तो पुढे सांगणार. तेव्हा डॉक्टर जे बोलला ते आम्ही दोनदा ऐकलं आणि दुसऱ्यांदा ऐकताना ते जास्त वाईट वाटलं.

तो म्हणाला, औषध चाललं. पण नको तितकं चाललं. पातळ केलं, त्याहून पातळ केलं, तरी जंतू मरत राहिले. साल-मुळांचा काढा असा वागत नाही. म्हणून त्यात काय काय आहे ते आम्ही वेगळं काढून पाहिलं. "त्यात क्लोरोक्विन आहे."

सगळ्या माना आधी एनोकडे वळल्या आणि मग, जणू कुणी दोरी ओढावी तशा, माझ्याकडे. क्लोरोक्विन गावात कोण विकतं? तिच्या दारासमोर कोण राहतं?

"मी तिला आयुष्यात एक गोळी विकलेली नाही!" मी ओरडलो आणि बोलक्याने डोळे वटारले म्हणून तेच परत त्याला हळू सांगितलं.

एनो उभी राहिली. "माझ्या मडक्यात माझ्या हाताने साल आणि मुळं सोडून काही गेलेलं नाही. पुढे कुणी काय टाकलं ते मला ठाऊक नाही. एक तर ह्यांच्या त्या ताप पाळायच्या खोलीत टाकलं." ती थांबली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "किंवा गाडीत टाकलं. भोपळ्यावर हात ह्याचा होता. वैरी बरोबर नेला, ही माझी अक्कल."

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

प्रमुखांनी ठरवलं ते असं: पुढच्या आदाएच्या सणाला पुन्हा बसायचं. तोवर खरं काय ते बाहेर आलं नाही तर एनोचं मडकं चव्हाट्यावर फोडायचं. आमच्याकडे ज्या वैद्याचं मडकं फुटतं, त्याच्या नमस्कारालाही कुणी उत्तर देत नाही. त्याच्या हातचं पाणीदेखील कुणी घेत नाही. आणि ज्याने खोटं केलं म्हणून ते फुटलं, त्याच्या दुकानात तरी कोण येणार होतं?

नंतरचे दिवस मी सगळ्या गावावर संशय घेण्यात घालवले. तसा माझा हात त्यात चांगला बसलेला आहे. डॉक्टरवर घेतला: एनोला खोटं ठरवून झाड स्वतःच्या नावावर करायचं असेल. नर्सवर घेतला. एनोच्या धाकट्या बहिणीवर घेतला, कारण तिला ते मडकं स्वतःकडे हवं होतं. एनोवर तर घेतलाच, सगळ्यात आधी: दुसऱ्या गावाहून गोळ्या आणवत असेल म्हातारी, आणि माझ्यावर ढकलते. एनोनेही माझी पाठ सोडली नाही. आता ती ओरडून टोमणा मारत नव्हती. नुसती आपल्या दारात स्टुलावर बसून माझ्या दुकानाकडे बघत राहायची आणि ते जास्त बोचायचं.

एकच माणूस मी वगळला होता. मग एका दुपारी जेवून जरा लवकर परतलो तर दुकानात अफ्रिये एका बाईच्या कानाशी लागलेली. "आधी तिकडे ओळख करून दे, मग घे," एवढंच मला ऐकू आलं. मला पाहताच दोघी बाजूला सरल्या. बाईने पुडी कमरेला खोचली, रस्ता ओलांडला आणि एनोच्या अंगणात शिरली. एनो शेतावर गेलेली होती. मी मागोमाग गेलो, कुंपणाशी उभा राहिलो.

ती बाई मडक्यापुढे वाकली. पुडीतली एक गोळी काढून तिने मडक्याला दाखवली, जसं नव्या सुनेला थोरल्यांपुढे उभं करतात. पुटपुटली, "हा परका आलाय. दुकानातून आलाय. ताप घालवायला आलाय, दुसरं त्याचं काही काम नाही. रागावू नकोस, त्याला अंगात भांडू देऊ नकोस." आणि गोळी आत टाकली. डुबुक असा आवाज झाला. मग बाकीच्या गोळ्या तिने तिथेच तोंडात टाकून मडक्यातल्या पाण्याबरोबर गिळल्या.

घरी गेलो तेव्हा अफ्रिये कुटलेल्या कंदाच्या फुफूचे गोळे वळत बसली होती. मी उखळापाशीच उभा राहून विचारलं, "माझ्या गोळ्या तिच्या मडक्यात कशासाठी?"

तिने वर पाहिलं नाही. "परका माणूस गावात आला की आधी कुणाकडे जातो, कोनादूच्या बाबा?"

"प्रमुखांकडे."

"दारूची बाटली घेऊन जातो, ओळख करून देतो, काम सांगतो. न सांगता शिरला तर?"

"तर भांडण."

"झालं तर मग. मडकं इथलं. तुझी गोळी कुठल्या देशातून आली ते तुलाही ठाऊक नाही. दोघं न सांगता-विचारता एका पोटात भेटले तर भांडणार नाहीत? ती खाज म्हणजे दुसरं काय?"

"ती खाज म्हणजे क्लोरोक्विन!"

"ओळख करून घेतलेल्या एकीला तरी खाज सुटली का, जाऊन विचार. तू तर सगळ्यांनाच विचारत असतोस."

मी जाऊन विचारलंही. बायका सगळ्याच शपथेवर सांगत होत्या की सुटली नाही. तेव्हा परत येऊन मी अफ्रियेला विचारलं, हे खूळ काढलं कुणी?  वळलेला गोळा तिने पाण्यात हात बुडवून उगाचच पुन्हा वळला.

"मी," ती म्हणाली. "कोनादूच्या वेळी."

कोनादू आमची मुलगी. त्या वेळी ती बाहेरगावी शिकत होती. लहानपणी तिला असा ताप चढला होता की तिचे डोळे पांढरे झाले होते. मी गोळ्या कुटून मधातून दिल्या आणि ती वाचली. ही गोष्ट मी दुकानाच्या बाकावर बसून किती गिऱ्हाइकांना सांगितली असेल! 'माझ्या स्वतःच्या पोरीला दिली तीच गोळी तुम्हाला देतोय,' हे माझं ठरलेलं वाक्य.

"त्या गोळ्या तिने ओकून टाकल्या," अफ्रिये म्हणाली. "तू दवाखान्यात गाडी बघायला गेला होतास. मी तिला उचललं आणि रस्ता ओलांडला. एनो घरात नव्हती. मला भीती वाटली की गोळ्यांचा राग मडकं पोरीवर काढेल. म्हणून एक गोळी मडक्याला देऊन माफी मागितली आणि तेच पाणी तिला पाजलं. तू परत आलास तेव्हा तिला घाम फुटला होता. तू इतका खूश झालास, कोनादूच्या बाबा, की माझ्याच्याने सांगवलं नाही. पुढे बायकांना सांगत गेले."

मला राग आला. खरं तर रागापेक्षा मोठं काहीतरी पायाखालून सरकलं. सगळ्या गावाला मी 'कशावरून' विचारत फिरलो आणि जी एकच गोष्ट मी न विचारता धरून ठेवली होती तीच हातातून गेली. मी सरळ सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आलं: गप्प बसावं. मडकं फुटेल, म्हातारीची कटकट जाईल, माझी कोनादूची गोष्ट माझ्यापाशी राहील. अफ्रियेने ते माझ्या तोंडावर वाचलं असणार.

"तू नाही बोललास तर मी बोलेन," ती म्हणाली.

आदाएच्या दिवशी ती बोललीच. माझ्या आधी उठली. दंडवाल्याने तिचं बोलणं पुढे सांगितलं, तेव्हा मागे बसलेल्या बायका आधी खाली मान घालून हसायला लागल्या, मग एकेक उठून सांगू लागली: मीपण टाकली होती एक. मीपण. माझ्या जावेने सांगितलं म्हणून मीपण. नर्सची आई उठली तेव्हा तर प्रमुखांनीही तोंडावर कापड धरलं. डॉक्टर आफुम मात्र हसला नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

एनोही हसली नाही. तिने बायकांकडे वळून एवढंच विचारलं, "तुम्ही मडक्यापाशी उभ्या राहून पुटपुटायच्या. ते हे होतं?"

"हो, एनो."

"मला वाटायचं, तुम्ही त्याचे आभार मानता."

 मला मान वर करून तिच्याकडे पाहवेना. चोरी नव्हती, लबाडी नव्हती, तिची आणि माझी दोघांची अब्रू राहिली होती, पण आतून तिचं काय झालं ते त्या एका वाक्यात कळलं.

मग ठरलं की नवं मडकं आणायचं, नव्याने साल आणि मुळं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर काढा आणि डॉक्टरने स्वतः झाकण बांधून न्यायचं. या खेपेला तिने मला बरोबर बोलावलं नाही. मीही विचारलं नाही.

डॉक्टर परत आला तो सरळ तिच्या अंगणात. पाणी प्यायला, काम सांगितलं. "चालतं, एनो. गोळीइतकं जोरात नाही, दाट द्यावं लागतं. पण जंतू मेले, साध्या पाण्याच्या बशीतले जगले. तुमच्या सालीत आणि मुळांत काहीतरी आहे आणि ते तुमचं आहे." कुंपणाबाहेर लोकांनी ओरडा केला, कुणीतरी ढोल काढला. नर्स येऊन तिच्यापुढे गुडघ्यात वाकली. मडकं फुटायचं टळलं. मीही आनंदाने ओरडलो, खोटं का बोलू.

एनोने डॉक्टरला विचारलं, "जुन्या मडक्याने इतकी माणसं उठवली. ती माझ्या पाण्याने उठली की ह्याच्या गोळ्यांनी, ते सांगेल का तुझी बशी?"

"नाही, एनो," तो म्हणाला. "ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

त्यानंतर ती बदलली. जुनं मडकं तिने खांबावरून उतरवून न्हाणीमागे पालथं घातलं आणि त्याच्या जागी नवं ठेवलं. त्यावर लाकडी झाकण आणि झाकणाला दोरी. रोगी आला की आधी त्याचे हात उघडायला लावायची, कमरेचं कापड झटकायला लावायची. तिच्याकडे आता पूर्वीपेक्षा जास्त माणसं येत होती आणि ती त्या प्रत्येकाकडे असं बघायची की माणूस काढा पिताना चुकल्यासारखा प्यायचा. रस्त्यापलीकडून टोमणे येणं बंद झालं. मला ते टोमणे हवेहवेसे वाटतील असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एका सकाळी ती माझ्या दुकानात आली. मी पटकन टिनाचा पेला भरून तिच्यापुढे ठेवला. तिने हात लावला नाही. बाकावर बसली.

"कोनादूचा तो ताप," ती म्हणाली. "तो कुणी घालवला? तू की मी?"

मी हे रोज मनात घोळवत होतोच. गोळ्या पोरीने ओकल्या, पण सगळ्या ओकल्या का? मडक्याचं पाणी प्यायली, पण त्यात अफ्रियेने गोळी टाकलेली. आणि ताप म्हटला की कधीकधी तो नुसत्या पाण्यावर आपला आपणही उतरतो, तिसरी बशी ठेवायची ती त्याचसाठी. मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. एनो माझ्याकडे पाहत होती. तिचं तोंड किती बारीक झालं होतं! आयुष्यात पहिल्यांदा मी कशाचाही पुरावा नसताना छातीवर हात ठेवून बोललो.

"तू घालवलास, एनो."

तिने मान तिरकी केली आणि हातातली नोट उजेडात धरून मी जसं पाहतो, तसं माझ्याकडे पाहिलं.

"कशावरून?"

मी पेला तिच्याकडे आणखी सरकवला.

"तू माझ्याशी कधी गोड बोलला नाहीस," ती म्हणाली. "आज का बोलतोयस? काय हवंय तुला?"

"काही नको, एनो. पाणी तरी पी."

तिने पेला उचलला, नाकाशी नेला, हुंगला आणि परत बाकावर ठेवला. कुणाच्या घरचं पाणी कुणी हुंगलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिनेही पाहिलं नसेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून मी पेला उचलला, तिच्यासमोर अर्धा प्यायलो आणि उरलेला तिच्यापुढे धरला.

तिने पेला घेतला, पण प्यायली नाही. माझ्या गळ्याकडे बघत राहिली.

"थांबू जरा," ती म्हणाली. "ते लोक दोन दिवस थांबतात. मी तेवढी नाही थांबणार."

मी तिच्या शेजारी बाकावर बसलो. गिऱ्हाईक आलं, त्याला मी नंतर ये म्हणून सांगितलं.